आणखी एक शस्त्रक्रियागृह कशासाठी?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, धर्मग्रामाच्या सभागृहात सभा भरली होती. आमच्या परिसरातील एका मिशन इस्पितळाच्या प्रसूतिविभागाचा विस्तार व्हावयाचा आहे, त्यासाठी कुटुंबाकुटुंबाने यथाशक्ती हातभार लावावा, असे आवाहन तेथे करण्यात आले. भिंतीवर नकाशा लावला होता. तळमजल्यावर आणखी एक वातानुकूलित शस्त्रक्रियागृह, त्याला लागून शस्त्रक्रिया झालेल्या बाळंतिणींचा कक्ष, वरच्या मजल्यावर न्हाणीघरासह स्वतंत्र खोल्या. नकाशा देखणा होता यात शंका नाही. आम्ही एकच प्रश्न विचारला : ज्या बाईचे बाळंतपण सरळ व्हावयाचे आहे, तिची खोली यात कोठे आहे? नकाशा समजावून देणाऱ्या गृहस्थांनी एका कोपऱ्याकडे बोट दाखवले. जुनी लेबर रूम होती तशीच राहणार होती. तीन टेबले आणि मध्ये पडदे.

तेव्हा आम्ही सुचवले की, शस्त्रक्रियागृहाच्याच मजल्यावर, त्याच्यापासून दोन दारे सोडून, प्रशिक्षित प्रसाविकांनी चालवावे असे एक प्रसूतिकेंद्र उभारावे. परदेशी इस्पितळांत त्याला ‘बर्थ सेंटर’ म्हणतात. सभेत हशा पिकला. “म्हणजे पुन्हा सुईण आणणार काय?” असे मागून कोणी ओरडले. एका जाणत्या गृहस्थांनी गंभीरपणे विचारले, “श्रीमंतांच्या लेकींनी मुंबईला जाऊन डॉक्टरांकडे बाळंत व्हायचे, आणि आमच्या लेकींनी नर्सच्या हाती?” व्यासपीठावरील डॉक्टरसाहेबांनी सौम्य शब्दांत, पण विषय संपवणाऱ्या सुरात सांगितले की, प्रसूतीमध्ये मिनिटामिनिटाला परिस्थिती पालटते, बाळाच्या जिवाची जबाबदारी कोण घेणार? चहा आला आणि सभा संपली. तेथे जे बोलता आले नाही ते येथे लिहीत आहोत.

प्रथम त्या हशाविषयी. ‘सुईण’ या शब्दाने आमचा घात केला हे आम्हांस मान्य आहे. त्या शब्दाबरोबर विळ्याने नाळ कापणारी, चुलीजवळच्या अंधाऱ्या खोलीतली, मायेची पण अडाणी अशी मागच्या पिढीतील बाई डोळ्यांपुढे उभी राहते. तिच्याकडे परत जा असे आम्ही म्हणत नाही. “आमच्या आजीला नऊ मुले झाली, सगळी घरीच,” असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. नऊ झाली हे खरे. त्यांतली जगली किती हे विचारले की आवाज खाली येतो. ज्यांना त्या काळाचा फार उमाळा येतो त्यांनी आपल्या चर्चमधील जुनी दफनवही एकदा उघडून पाहावी. बाप्तिस्मा आणि दफन यांची तारीख एकच असलेल्या नोंदी तेथे आढळतील, आणि आईचे नाव काही दिवसांच्या अंतराने त्याच पानावर. राहेलच्या उशाशीही सुईण होती, तिने धीरही दिला. तरी राहेल एफ्राथच्या वाटेवर गेलीच. महाराष्ट्रात इस्पितळात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ९४.७ टक्के झाले. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. देशाचे ९७ होते. ही मिळकत कोणाच्या हळव्या आठवणींसाठी गमवावी असे आम्ही कधीही म्हणणार नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. बाई इस्पितळात आली. पण इस्पितळात तिच्यासाठी काय ठेवले आहे? कापणारे हात ठेवले आहेत, आणि ते लागतातच. थांबणारे मात्र कोणी ठेवलेले नाही.

आमच्याच घरातील एका लेकीची हकिगत सांगितल्यावाचून हे पटणार नाही. वय सव्वीस, पहिलटकरीण, नऊ महिने सारे तपास चोख. संध्याकाळी कळा सुरू झाल्या म्हणून तिला एका खासगी नर्सिंग होममध्ये नेले. तेव्हा गर्भपिशवीचे तोंड चार सेंटिमीटर उघडले होते. तिला टेबलावर निजवले, हाताला सलाईन लावले, बाळाचे ठोके मोजणाऱ्या यंत्राचा पट्टा पोटावर आवळला आणि उठू नकोस असे बजावले. तिची आई बाहेरच्या बाकावर पेजेचा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत सोडले नाही. आत एक तरुण नर्स तीन बायांमध्ये ये-जा करीत होती. रात्री अकराच्या सुमारास डॉक्टर आले. तोंड पुढे उघडत नाही, गळ्याला नाळेचा वेढाही दिसतो, थांबलो तर बाळाला धोका, असे त्यांनी सांगितले. आम्ही सह्या केल्या. बाराच्या पुढे बाळ बाहेर आले, टाहो फोडून रडले. दुसऱ्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

मग तक्रार कसली? तीन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा वार खाली, जुन्या टाक्यांच्या जागी रुतून बसली होती. रक्त थांबेना. गर्भपिशवी काढावी लागली. लेक वाचली, बाळ वाचले; ज्या शस्त्रक्रियागृहाने त्यांना वाचवले त्याचे ऋण आम्ही विसरणार नाही. असे संकट क्वचित येते हेही आम्हांस ठाऊक आहे. पण पहिल्या सिझेरिअननंतर त्याची शक्यता वाढते, आणि पुढच्या प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर आणखी वाढते, ही गोष्ट पेढे वाटण्याच्या दिवशी आम्हांला कोणीही सांगितली नव्हती.

ते डॉक्टर पैशासाठी तसे वागले असे आम्ही म्हणत नाही. दिवसभर बाह्यरुग्ण तपासलेला एकटा माणूस, रात्री तीन बाया टेबलांवर, आणि काही बरेवाईट झाले तर दाराशी जमणारे आपल्यासारखेच नातेवाईक. त्या जागी आम्ही असतो तर कदाचित हेच केले असते. दोष मांडणीचा आहे. ‘चार सेंटिमीटरवर अडली’ हे वाक्य घ्या. प्रसूतीच्या वेगाची मोजपट्टी १९५५ साली अमेरिकेतील इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरांनी आखली आणि तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब जगभर रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले की, हा वेग सर्व स्त्रियांना लागू पडत नाही, केवळ तेवढ्यावरून हस्तक्षेप करू नये, आणि कळांचा खरा जोराचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा. म्हणजे आमची लेक अडली नव्हतीच. तिची वेळ अजून यावयाची होती! राहिला नाळेचा वेढा. दर चार-पाच बाळांपैकी एक बाळ असा वेढा घेऊनच जन्मते, आणि बहुतेक वेळा तो बोटाने सोडवता येतो. ठोके बिघडले तर गोष्ट निराळी. आमच्या लेकीच्या बाळाचे ठोके बिघडले होते असे त्या रात्री कोणीच म्हटले नव्हते. आम्हीही विचारले नाही.

आता प्रसूतिकेंद्र म्हणजे काय ते सांगतो. ज्या गरोदर स्त्रीला रक्तदाब नाही, मधुमेह नाही, जुळे नाही, बाळ पायाळू नाही, पूर्वी सिझेरिअन झालेले नाही, जिचे रक्त पुरेसे आहे, तिच्यासाठी इस्पितळातच वेगळ्या काढलेल्या दोन-चार खोल्या. तेथे प्रमुख असते प्रसाविका. सामान्य प्रसूती हाच जिचा अभ्यासक्रम आणि हाच जिचा व्यवसाय, अशी. एका बाईपाशी एक प्रसाविका, कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीला लागेपर्यंत. बाईने चालावे, बसावे, ओणवे व्हावे, गरम पाण्याने अंग शेकावे. आईला किंवा नवऱ्याला जवळ ठेवावे. ठोके ठरावीक अंतराने, हातातल्या लहान यंत्राने ऐकायचे. हे ऐकून पट्ट्याच्या यंत्राचे अभिमानी अस्वस्थ होतील. त्यांच्यासाठी डब्लिनचा दाखला देतो. तेथे १९८५ साली सुमारे तेरा हजार स्त्रियांवर तुलना झाली. सतत यंत्र लावल्याने नवजात बाळांना येणारे झटके निम्म्यावर आले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; परंतु बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. जोखीम नसलेल्या बाईला त्या पट्ट्याने टेबलाशी बांधून ठेवण्याइतके ते यंत्र अपरिहार्य नाही.

आणि काही बिघडले तर? तर दोन दारे ओलांडून डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृह. साऱ्या वादाचे मर्म या दोन दारांत आहे.

डॉक्टरसाहेबांच्या मिनिटांचा हिशेब इंग्लंडने मांडून ठेवला आहे. २००८ ते २०१० या काळात तेथे ६४,५३८ कमी जोखमीच्या स्त्रियांच्या प्रसूतींची नोंद झाली आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा असे प्रसंग सर्व ठिकाणी मिळून हजारात ४.३ होते. डॉक्टरांच्या प्रसूतिविभागाशी तुलना करता प्रसाविकांच्या केंद्रांत हे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले नाही, पहिलटकरणींतही नाही. पहिलटकरणींनी घरीच बाळंत होण्याचे ठरवले तेव्हा मात्र ते हजारात ९.३ निघाले, प्रसूतिविभागातील ५.३ च्या तुलनेत. घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. आईच्या बाजूने पाहता, ज्यांनी डॉक्टरांचा विभाग निवडला त्यांच्यापैकी ११.१ टक्के स्त्रियांचे सिझेरिअन झाले, आणि ज्यांनी इस्पितळालगतचे प्रसाविकांचे केंद्र निवडले त्यांच्यापैकी ४.४ टक्क्यांचे. बाळांचे नुकसान न होता!

हाच अहवाल आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती आम्ही दडवणार नाही. इस्पितळालगतच्या केंद्रांत आलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना मध्येच डॉक्टरांच्या विभागात हलवावे लागले. आधी बाळंत झालेल्यांपैकी १२.५ टक्के. बहुतेकींना प्रगती मंदावली म्हणून किंवा वेदना शमवणारी सुई हवी म्हणून. तरी हलवावे लागले हे खरे. कोणी म्हणेल, दहांतल्या चौघींना हलवायचेच आहे तर केंद्र हवे कशाला? उरलेल्या सहा जणींसाठी हवे. आणि ज्या चौघी हलल्या त्या मैलभर रुग्णवाहिकेतून गेल्या नाहीत, भिंतीपलीकडे गेल्या. म्हणूनच आम्ही ते इस्पितळात मागतो आहोत, गावाबाहेरच्या रम्य बंगल्यात नव्हे. इंग्लंडच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक मंडळाने डिसेंबर २०१४ मध्ये कमी जोखमीच्या पहिलटकरणींनाही प्रसाविकांच्या केंद्राची शिफारस केली ती या पाहणीनंतरच.

विरोधकांच्या हाती आणखी एक शस्त्र आहे. ते त्यांना ठाऊक नसावे म्हणून आम्हीच देतो. स्टॉकहोममधील एका मोठ्या इस्पितळात १९८९ पासून असे केंद्र चालत होते. त्याच्या दहा वर्षांच्या नोंदींवर २००४ साली अभ्यास झाला. एकंदरीत बाळांच्या मृत्यूंत ठाम फरक दिसला नाही. पण पहिलटकरणींच्या बाळांत मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या विभागाहून अधिक निघाले. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. आम्ही तिचा अर्थ असा घेतो की, केंद्राला दोन दारे पुरत नाहीत, ती वेळेवर उघडणारा नियमही लागतो. पहिलटकरणीला केव्हा हलवायचे हे प्रसाविकेच्या जिद्दीवर किंवा आईच्या हौसेवर सोडता येणार नाही. ते कागदावर लिहिलेले हवे, आणि “ने” म्हटल्यावर पलीकडच्या डॉक्टरने “एवढ्यासाठी आणलेत?” असा चेहरा करता कामा नये. जेथे हे दोन वर्ग एकमेकांचा मत्सर करतात तेथे बाळ मध्ये सापडते. पुढे २०१२ साली इस्पितळांतील अशा खोल्यांवरील दहा चाचण्या, त्यांतील ११,७९५ स्त्रिया, एकत्र तपासल्या गेल्या. तेथे स्वाभाविक प्रसूती अधिक, औषधे व कापाकापी कमी, समाधान अधिक, आणि बाळांच्या गंभीर आजारांत वाढ नाही असे दिसले. चाचण्यांत कोणी कोठे जावे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. म्हणून ‘धडधाकट बायाच तेथे जातात’ ही पळवाट येथे उरत नाही.

आता आपल्याकडे पाहू. २०१९-२१ च्या पाहणीनुसार भारतात सिझेरिअनचे प्रमाण २१.५ टक्के होते. सरकारी इस्पितळांत १४.३, खासगी इस्पितळांत ४७.४. महाराष्ट्र २५.४, गोवा ३९.५, तेलंगण तर ६०.७! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली म्हटले की, लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता वा बालके यांचे मृत्यू कमी होताना दिसत नाहीत. खासगी इस्पितळांत वयस्क आणि गुंतागुंतीच्या बाया अधिक जातात, हे थोडेफार खरे मानू. पण चौदा आणि सत्तेचाळीस यांतील अंतर त्यातून भरून निघत नाही. पायरी चढताच बाईचा देह बदलत नसतो.

‘श्रीमंतांना डॉक्टर, गरिबांना नर्स’ हा आक्षेप आम्हांस सर्वांत जास्त लागला, कारण तो अपमान सोसलेल्या माणसाचा होता. आपल्या लोकांना दुय्यम प्रतीची सेवा पुष्कळदा ‘सेवा’ या नावानेच मिळाली आहे. पण या बाबतीत गृहस्थांनी उलटे पाहावे. स्वीडनमध्ये राव असो की रंक, सरळ प्रसूती प्रसाविकाच करते. २०१५ साली इंग्लंडच्या राजघराण्यात राजकन्या शार्लट जन्मली तीही प्रसाविकांच्याच हातून. डॉक्टर सज्ज होते, पण मागे. आणि हैदराबादला एक जुने इस्पितळ आहे, १९४८ साली डॉ. लूर्डस फर्नांडिस यांनी दोन खाटांवर सुरू केलेले. त्यांच्या कन्या डॉ. एविटा फर्नांडिस स्वतः नामवंत प्रसूतितज्ज्ञ. त्यांनीच २०११ साली प्रसाविकांचे शिक्षण हाती घेतले आणि आपल्या इस्पितळाच्या छत्राखाली प्रसूतिकेंद्र उभारले. तेथे सुखवस्तू घरच्या लेकी पैसे मोजून प्रसाविका मागतात. २०१७ साली तेलंगण सरकारने त्यांच्या आणि युनिसेफच्या साहाय्याने तीस परिचारिकांचे अठरा महिन्यांचे प्रशिक्षण सुरू केले. पाठोपाठ डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसाविकासेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मोठ्या इस्पितळांच्या आवारातच प्रसाविकांचे कक्ष असावेत असे त्यांत आहे. २०२३ मध्ये परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदाही झाला. म्हणजे आमची सूचना ज्यांना हास्यास्पद वाटली, त्यांना देशाचे धोरणही हास्यास्पद म्हणावे लागेल.

जाता जाता एक आठवण आपल्याच घरची. ज्या धर्मभगिनींच्या हातून आपल्या पिढ्या जन्मल्या असे आपण कौतुकाने सांगतो, त्यांना प्रसूतिकक्षाचे दार सहजी उघडले नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी व्रतस्थ भगिनींनी वैद्यकी व प्रसूतिकर्म करणे चर्चच्या नियमांत बसत नसे; ते त्यांच्या व्रताला शोभत नाही असा समज होता. रावळपिंडीला पडद्यातल्या बाया पुरुष डॉक्टरांपुढे येईनात आणि मरत होत्या, हे अॅग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश डॉक्टर बाईंनी रोमला वारंवार कळवले. त्या १९१३ साली वारल्या, उत्तर मिळाले नाही. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ऑस्ट्रियाच्या अॅना डेंगल १९२० साली रावळपिंडीला आल्या. पुढे १९२५ साली त्यांनी वैद्यकीय मिशनचा भगिनीसंघ स्थापला, तेव्हाही व्रते पूर्ण घेता आली नाहीत. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने अनुज्ञा दिली आणि माताबालकांची शुश्रूषा हे भगिनींचे कार्य म्हणून उचलून धरले. म्हणजे ‘हे काम यांचे नव्हे’ हे वाक्य आपण पूर्वीही ऐकले आहे. तेव्हा ते भगिनींविषयी होते, आज प्रसाविकांविषयी आहे. तेव्हाही ते बोलणारे सज्जनच होते.

आता आमच्या बाजूच्या अडचणी. सर्वांत मोठी, रक्ताची. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. जिचे रक्त फार कमी आहे, तिला प्रसूतीनंतरचा थोडा रक्तस्रावही भारी पडतो. ती या केंद्रात बसत नाही. तेव्हा केंद्राचे काम कळांच्या रात्री सुरू होऊन चालणार नाही, तिसऱ्या महिन्यात सुरू झाले पाहिजे. लोहाच्या गोळ्या बाई घेते की उशाखाली ठेवते हे पाहणारीही तीच प्रसाविका हवी. दुसरी अडचण माणसांची. अठरा महिन्यांचे शिक्षण घेतलेल्या प्रसाविका बाजारात तयार मिळत नाहीत. आमच्या इस्पितळाने आपल्या दोन-तीन नर्सेसना, निवडीत धर्मभगिनीही असोत, पाठवावे लागेल. त्या काळात त्यांचा पगार चालू ठेवावा लागेल. खर्च येथे आहे, विटांत नाही. तिसरी अडचण इस्पितळाच्या ताळेबंदाची, आणि ती सभेत कोणी उच्चारली नाही. सिझेरिअनचे बिल मोठे असते. दूरच्या दवाखान्यांची तूट त्यातून भरली जाते असे व्यवस्थापक खासगीत सांगतात, आणि ते खोटे बोलतात असे आम्हांस वाटत नाही. पण गरिबांच्या दवाखान्याचा खर्च धडधाकट बायांच्या पोटावरील टाक्यांतून काढावयाचा असेल, तर निदान आवाहनपत्रकात तसे छापावे. देणगीदारांना ठरवू द्यावे.

तोपर्यंत जी सुधारणा एका पैशाच्याही खर्चाची नाही ती तरी उद्यापासून व्हावी. कळा देणाऱ्या बाईपाशी तिच्या माणसाला बसू द्यावे. केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत त्याला मुभा दिली. सोबतीला कोणी असले की सिझेरिअन कमी होतात, हे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. थर्मास घेऊन बाकावर बसलेल्या त्या आईला आत घेण्यास मिशन इस्पितळाला कोणाची परवानगी हवी?

विस्तारासाठी घरोघरी पाकिटे वाटली गेली आहेत. आम्ही आमचे परत केले ते रिकामे नाही. आत रक्कम आहे, आणि सोबत एक चिठ्ठी : ही रक्कम एका नर्सच्या प्रसाविका-प्रशिक्षणासाठीच वापरावी, अन्यथा परत करावी. नकाशावर अजून शिक्का उमटलेला नाही. पुढची सभा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. मागच्या खेपेला सभेत बाया पुष्कळ होत्या, पण एकीनेही तोंड उघडले नाही. बोलले ते सारे पुरुष, आम्हीही त्यांतलेच. या खेपेला ज्यांनी त्या टेबलावर रात्र काढली आहे त्यांनी पुढच्या बाकांवर बसावे, अशी आमची विनंती आहे. आमची ती लेकही येणार आहे.